बंदी कुत्र्यावर, सुटका मालकाची

कुत्र्यांचा वाद आपल्याकडे दोन वाक्यांत अडकून पडला आहे. एक पक्ष म्हणतो, 'असली राक्षसी कुत्री पाळायला परवानगीच कशी देतात?' दुसरा म्हणतो, 'कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो.' सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांमधून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिल्यापासून तर या दोन वाक्यांना ऊत आला आहे. आमच्या कोल्हापुरात रंकाळ्यावरच्या सकाळच्या फेरीत, ताराबाई पार्कातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर तेच चालू असतं. भटक्या कुत्र्यांवरून निघालेलं बोलणं हटकून पाळीव कुत्र्यांवर येतं, कुणीतरी पिटबुलचा व्हिडिओ टाकतं, कुणीतरी आपल्या रॉटवायलरला टेकून झोपलेल्या नातवाचा फोटो टाकतं, आणि विषय संपतो. म्हणजे संपत नाही. लिफ्टमध्ये आधी कोण जाणार या भांडणात उतरतो.

मला दोन्ही पक्ष सारखेच सोयीस्कर वाटतात. जातींवर बंदी घाला ही मागणी ऐकायला कडक आहे, पण मालकांच्या बाजूने पाहिलं तर इतका सैल कायदा दुसरा नाही. यादीत नाव असलेल्या मूठभरांना तो पकडतो आणि बाकी प्रत्येक मालकाला 'तुमचा याच्याशी संबंध नाही' असं सांगून मोकळं करतो. दुसरीकडे 'दोष मालकाचा' म्हणणाऱ्या श्वानप्रेमींसमोर परवाना, पट्टा, प्रशिक्षण, भरपाई यांतलं काहीही ठेवलं की ते प्राणीद्वेषाचा आरोप करून मोकळे होतात. दोष मालकाचा असेल तर कायदाही मालकावरच हवा. आणि तो आज मागितल्या जाणाऱ्या कोणत्याही बंदीपेक्षा जाचक हवा, कुत्रा कुठल्याही जातीचा असो.

बंदीचा प्रयोग आपण करून बसलो आहोत. २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने एका वृद्धेचा जीव घेतला, देशभर गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी गाझियाबादसारख्या शहरांनी पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी घातली. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने सगळ्या राज्यांना पत्र धाडलं: २३ 'हिंस्र' जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करा. ती यादी वाचण्यासारखी होती. तोसा हा जपानी कुत्रा तीत दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आला होता. 'मॅस्टिफ' आणि 'टेरियर' ही तर एकेका जातीची नावंच नाहीत, ती कुळं आहेत. टेरियरांत पिशवीत मावणारी यॉर्कशायर टेरियरही येते. उलट आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकामागे सर्रास दिसणारे जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन यादीत नव्हतेच. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता हे पत्र काढलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. महिनाभरही टिकलं नाही. पण समजा टिकलं असतं, तर कोल्हापुरात कुणाचं वागणं बदललं असतं? पिटबुलच्या लसीकरणाच्या कार्डावर 'लॅब क्रॉस', म्हणजे लॅब्रेडॉरचा संकर, असं लिहून घेणाऱ्याला किती वेळ लागला असता?

तरी बंदीवाल्यांचं सगळंच उडवून लावण्यासारखं नाही, आणि ते उडवून लावणं ही श्वानप्रेमींची सर्वांत मोठी चूक आहे. पॉमेरेनियन चावला तर टाके पडतील. तीस-पस्तीस किलोच्या बळकट जबड्याच्या कुत्र्याने धरलं तर माणूस जाऊ शकतो. ज्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी झाली, ती कुत्री धरलेलं सहज सोडत नाहीत. 'प्रेमाने वाढवलं की काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी एखाद्या शिकारी कारवानी कुत्र्याला प्रेमाने वाढवून सशासमोर सोडून पाहावं. रक्तात काही असतंच. शिवाय बंदीवाल्यांचा एक प्रश्न असा आहे की त्याला आजवर कुणी सरळ उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही: तुमच्या हौसेचा धोका मी का पत्करायचा? 'आमचा काही करत नाही हो' हे त्याचं उत्तर नव्हे. आपला कुत्रा काही करत नाही हे मालकाला ठाऊक असतं. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ते ठाऊक असण्याचं कारण नाही आणि तिने ते मानावं अशी अपेक्षा ठेवणं हा उद्धटपणा आहे.

मग मी बंदीच्या बाजूने का नाही? कारण जीव घेणारे हल्ले कसे घडतात हे नीट पाहिलं की जात मागे पडते आणि मालक पुढे येतो. अमेरिकेत २००० ते २००९ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात झालेल्या २५६ मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ८७ टक्के घटनांत कुत्र्याला आवरू शकेल असं कुणी धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८४ टक्क्यांत कुत्र्यांची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्क्यांत कुत्री घरच्या माणसांत मिसळून वाढलेलीच नव्हती, कुठेतरी बाजूला बांधून किंवा कोंडून ठेवलेली होती. आणि कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम १८ टक्के घटनांत. २०२२ मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी फक्त ९ टक्के जातीने उलगडतो. म्हणजे रक्त आहे, पण ते एकटं पुरत नाही. त्याच्या सोबतीला साखळी, कोंडवाडा, एकटेपणा आणि बेफिकिरी लागते. आता आपल्याकडे हौसेने आणलेला मोठा कुत्रा कसा राहतो ते आठवा. दिवसभर जिन्याखाली हातभर साखळीला, रात्री कंपाउंडात मोकळा, घरच्यांपैकी एकाचंच ऐकणारा, आणि पाहुणे आले की 'बघा कसा भुंकतोय' म्हणून कौतुक. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात बर्फाळ प्रदेशातला हस्की पाळणाऱ्याबद्दल तर काय बोलावं!

वजनाचा मुद्दा उरतो आणि तो खरा आहे. पण त्याला जातीची यादी कशाला हवी? जातीवर कोर्टात दहा तज्ज्ञ दहा मतं देतील, वजनकाट्यावर वाद होत नाही. अमुक किलोच्या वरचा कुत्रा सार्वजनिक जागी न्यायचा असेल तर पट्टा सज्ञान आणि त्याला रोखू शकणाऱ्या माणसाच्याच हातात हवा, आखूड हवा, गर्दीत मुसकी हवी. सातवीतल्या पोराला ओढत नेणारा लॅब्रेडॉर मी रोज पाहतो. बंदीच्या याद्यांत लॅब्रेडॉर सहसा सापडत नाही, पण रस्ता ओलांडताना त्या पोराच्या हातातून तो सुटला तर समोरच्या सायकलवाल्याला यादीचा काय उपयोग?

या वादात ब्रिटनचं उदाहरण सगळेच देतात आणि जवळजवळ सगळेच अर्धवट देतात. १९९१ मध्ये लागोपाठच्या हल्ल्यांनी लोक खवळले, वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि सरकारने घाईघाईने डेंजरस डॉग्ज ॲक्ट आणला. पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आली. पुढे काय झालं? इंग्लंडात १९९८ ते २०१८ या काळात कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण दुपटीहून अधिक वाढलं. हौशी लोकांनी यादीत न बसणारा नवा दांडगा कुत्रा शोधला, एक्सएल बुली. त्याने माणसं मारली, आणि २०२४ उजाडता उजाडता त्याचंही नाव यादीत घालावं लागलं. यादी कुत्र्याच्या मागून धावते, तीही ३२ वर्षांनी. नेदरलँड्सने १९९३ साली पिटबुलवर घातलेली बंदी पंधराएक वर्षांनी मागे घेतली, कारण चावे कमी झाले नाहीत. इटलीने २००३ मध्ये नव्वदहून अधिक जातींची यादी केली, मग ती छाटत छाटत सतरावर आणली, आणि २००९ मध्ये यादीच गुंडाळून जबाबदारी मालकांवर टाकली. ब्रिटनच्या त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याचा आपल्याकडच्या चर्चेत उल्लेखही होत नाही. कुठल्याही जातीचा कुत्रा धोकादायक रीतीने ताब्याबाहेर गेला तर मालक गुन्हेगार ठरतो; २०१४ पासून हे स्वतःच्या घरात आणि आवारातही लागू आहे, आणि माणूस दगावला तर १४ वर्षांपर्यंत कैद आहे. आपण बंदी तेवढी उचलायला निघालो आणि हे कलम तिथेच ठेवलं.

त्याच ब्रिटनने शंभर वर्षं आधी याहून मोठं काम केलं होतं. १८९० च्या दशकात तिथे रेबीज होता. वॉल्टर लाँग नावाच्या, शेतीखातं सांभाळणाऱ्या मंत्र्याने रोग असलेल्या भागांत फर्मान काढलं: कुत्रा रस्त्यावर आणायचा तर तोंडाला मुसकी. जातीबितीचा प्रश्न नाही. मांडीवर बसणाऱ्या पिटुकल्या कुत्र्यांच्या मालकांनी थयथयाट केला, श्वानप्रेमी संघटनांनी विरोध केला, हा प्राण्यांवरचा जुलूम आहे म्हणून लेख लिहिले गेले. लाँग बधले नाहीत. बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना विलगीकरण सक्तीचं केलं. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज गेला. आपण अजून त्याच रोगाच्या लसीसाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात रांग लावतो. एकाच देशाने कुत्र्यांवर दोन कायदे केले. मालकांना बोचला तो चालला, मतदारांना सुखावला तो फसला.

यावर ठरलेला आक्षेप असा की मालकांना शिस्त लावणं आपल्याकडे जमणार नाही, त्यापेक्षा बंदी सोपी. सोपी कुणाला? मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याचं काम शिपायांना दिलं होतं आणि कुत्र्यामागे आठ आणे मिळत होते. भटकं कुत्रं पळतं, चावतं. दारातलं माणसाळलेलं कुत्रं शेपूट हलवत जवळ येतं. शिपायांनी हिशेब केला आणि लोकांची पाळीव कुत्री उचलायला सुरुवात केली. ६ जूनला पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद झाली, दंगल झाली. सरकारी यंत्रणेला कुत्री मोजायला सांगितली की ती हाताला लागतील तीच मोजते. बंदी आली की प्रामाणिकपणे नोंद करणारा, लस टोचणारा, पट्टा वापरणारा मालक आधी सापडेल, कारण त्याचाच पत्ता कागदावर असेल. शेतघरावर चार पिटबुल बांधून त्यांचे रील टाकणारा सापडणार नाही. सापडला तरी त्याचा फोन आधी जाईल.

आता आपल्या मातीतला मुद्दा, जो दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. कोल्हापुरात कुत्र्यांचे दोनच प्रकार असल्यासारखं आपण बोलतो, पाळीव आणि भटके. खरं तर मधला एक तिसरा प्रकार आहे आणि तोच सर्वांत मोठा असावा. वाडीवस्तीवर, गोठ्याशी, पेठेतल्या बोळात एक कुत्रं असतं. त्याला एका घरातून भाकरी मिळते, रात्री ते त्याच घराची राखण करतं, त्याला नावही असतं. लस नसते, नसबंदी नसते, पट्टा नसतो. त्याच्या पिल्लांतलं एक शेजारी नेतो, उरलेली ओढ्याकडेला. ते चावेपर्यंत 'आमचं' असतं; चावल्यावर गल्लीचं होतं. तक्रार घेऊन गेलात तर त्याच घरातले लोक 'आम्ही कुठं पाळलंय, ते असंच येतंय' म्हणून सांगतात. भटक्या कुत्र्यांसाठीचे २०२३ चे जन्मनियंत्रण नियम पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी मालकावर टाकतात, पण इथे मालकच गायब आहे. भटक्यांचा प्रश्न हा पालिकेचा आणि पाळीवांचा प्रश्न हा श्रीमंतांचा, अशी वाटणी म्हणूनच मला पटत नाही. आज गल्लीत फिरणाऱ्या कित्येक कुत्र्यांची आई कुणाच्या तरी दारातली होती. जातिवंत कुत्र्यांचंही तेच. पिल्लू असताना हौस, वर्षभरात खाण्याचा आणि औषधाचा खर्च, मग एखाद्या दिवशी गाडीत घालून शहराबाहेर. भटक्यांना हटवा म्हणून ओरडणारे आणि त्यांना खायला घालू द्या म्हणून ओरडणारे, दोघांनीही आधी या मधल्या मालकाला शोधायला हवं होतं. २०२५ मध्ये रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावर आपण जेवढे शब्द खर्च केले, त्यातले थोडे इथे वळवता आले असते.

'जनावराचा स्वभावच तो, मालक काय करणार?' असं कोल्हापूरकराने म्हणावं याचं मला विशेष नवल वाटतं. दिवाळीच्या पाडव्याला इथे काय होतं ते आपण लहानपणापासून पाहतो. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी मोटारसायकलच्या मागे भर गर्दीतून धावतात आणि मालकाच्या एका हाकेला थांबतात. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचं मी कौतुक करणार नाही, आणि गर्दीत असलं धाडस करावं का हा वेगळा वाद. पण चार-पाचशे किलोचं जनावर माणसाच्या आवाजावर चालतं ते पाडव्याच्या सकाळी शिकून नव्हे. गवळी वर्षभर तिच्याबरोबर असतो, तिला फिरवतो, हाक लावतो, तिचा मूड ओळखतो, आणि ती बिथरणार असेल तर त्या दिवशी बाहेर काढत नाही. शिवाय म्हैस कुणाची हे सगळ्या पेठेला ठाऊक असतं. तिने कुणाला शिंग लावलं तर 'ती असंच येते' म्हणायची सोय नाही. तीच गोष्ट मेंढरं राखणाऱ्या धनगराच्या कुत्र्याची. लांडग्यावर जाणारं ते कुत्रं आपल्या बंगल्यातल्या कुठल्याही परदेशी कुत्र्याइतकं तिखट असतं, पण धन्याने हाळी दिली की थबकतं. पंधरा फुटांवरून दहा वेळा 'सीट, सीट' ओरडूनही ज्यांचा कुत्रा बसत नाही, त्यांनी एकदा माळावर जाऊन यावं.

मालकाला जबाबदार धरणं ही कल्पना या शहराला नवी नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा शाळेत न येणाऱ्या पोराला शिक्षा ठेवली नाही. पोराला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे झळ बसेल एवढी रक्कम. तेव्हाही लोक म्हणाले असतीलच, की गरिबांना हे जमणार नाही, अंमलबजावणी होणार नाही, पोराचं मन लागत नाही त्याला बाप काय करणार. महाराजांनी शिक्षणही मोफत ठेवलं, म्हणजे सबबीची वाट आधी बंद केली आणि मगच दंड लावला. कुत्र्यांच्या बाबतीत हाच क्रम हवा. वॉर्डावॉर्डांत लस आणि नसबंदी फुकट किंवा नाममात्र दरात, नोंदणी तिथेच, गळ्यात बिल्ला किंवा कातडीखाली चिप, आणि त्यानंतर मात्र नोंद नसलेल्या कुत्र्यामागे दंड, तोही त्याला रोज भाकरी टाकणाऱ्या घराला. धनगराला आणि वस्तीवरच्या शेतकऱ्याला शुल्क माफ असावं. नोंद आणि लस माफ नसावी. महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभा पहिल्यापासून आहे. नवा कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

सध्याच्या फौजदारी कायद्याचं काय? भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानुसार आपल्या जनावरापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पाच हजारांत चांगलं जातिवंत पिल्लूही येत नाही. आणि वेळ? मुंबईत २०१० साली मालमत्तेवरून वाद चालू असताना मालकाने गाडीचं दार उघडलं, रॉटवायलर बाहेर आला आणि ७२ वर्षांच्या नातेवाइकाला चावला. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ मध्ये. तेरा वर्षं, कुत्र्याचं आयुष्यही बहुधा एवढं नसतं. दुसरं प्रकरण वरळीचं. २०१८ मध्ये लिफ्टमध्ये लहान मुलाला कडेवर घेतलेल्या शेजाऱ्याने 'थोडं थांबा, मूल घाबरतं' म्हणून विनवलं, मालकाने न ऐकता कुत्रा आत ओढला, कुत्रा शेजाऱ्याला चावला. २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. तो कुत्रा हस्की होता, केंद्राच्या २३ नावांत नसलेला. न्यायालयाने शिक्षा दिली ती मालकाच्या त्या एका वागण्याला, आणि ते वागणं कुठल्याही जातीच्या कुत्र्यासह करता येतं. निकाल बरोबर आले. फक्त सात आणि तेरा वर्षांनी आलेल्या निकालाला शेजारचा दुसरा मालक घाबरत नाही.

म्हणून चावा पडायच्या आधी आणि न्यायालयाच्या बाहेर काम करणारी व्यवस्था हवी. कॅनडातलं कॅलगरी शहर जातींवर बंदी घालत नाही. परवाना, पट्टा आणि चढत्या दंडावर भर देतं आणि परवान्याच्या पैशांतून यंत्रणा चालवतं. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात २०१३ पासून नव्या कुत्रामालकाला लेखी आणि प्रत्यक्ष अशी परीक्षा द्यावी लागते, विमाही सक्तीचा आहे. परीक्षा म्हटलं की आपल्याकडे हसतील. हसू द्या. कुत्र्याचं शेपूट हललं म्हणजे तो खूश असतोच असं नाही, खाताना त्याला का हटकू नये, पिल्लाला साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात माणसं, गाड्या, फटाके, इतर कुत्री यांची सवय का लावावी लागते, हे किती मालक सांगू शकतील? तो काळ निघून गेला की पुढे कितीही लाड केले तरी भीती राहते, आणि चावणारी बहुतेक कुत्री रागाने नव्हे, भीतीने चावतात. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. फोनवर पिल्लांच्या जाहिराती चाळून पाहा, महिन्याभराचीही सापडतील. वाईट मालक शोधायला तिथून सुरुवात करता येते, कारण आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू आणि त्याला उत्साहाने विकत घेणारा अडाणी माणूस हे दोघे तिथेच भेटतात.

हद्दीचा प्रश्न आहेच. पाचगाव, उचगाव अशा लागून असलेल्या गावांचा आणि शहराचा हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तो कुत्र्यांना कुणी सांगितलेला नाही. ग्रामपंचायतीत राहणारा कुत्रा सकाळी शहरात फिरायला येतो. परवाना जिल्ह्याचा असला, नोंद एकाच ठिकाणी असली तरच ती उपयोगाची. पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्यातालुक्यांत आहेत, काम त्यांच्याकडून सुरू होऊ शकतं.

राहता राहिली सोसायटी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायट्यांना कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, मुसकीची सक्तीही करता येत नाही. मला हे तत्त्वतः मान्य आहे. चेअरमनने कायदे करू नयेत; त्याला कुत्र्यांचं काही कळत नाही आणि बऱ्याचदा त्याचं भांडण कुत्र्याशी नसून तिसऱ्या मजल्याशी असतं. पण मग तक्रार ऐकणारं दुसरं कुणीतरी लागेल. फाटकातून अंगावर येणारा, एकदा दात लावलेला कुत्रा असेल तर आठवडाभरात पशुवैद्याला घेऊन घरी येणारा, कुत्रा आणि मालक दोघांना पाहणारा, आणि लेखी आदेश देणारा अधिकारी: बाहेर नेताना मुसकी, नसबंदी महिन्याच्या आत, मालकाला प्रशिक्षण, जखमीच्या उपचाराचा सगळा खर्च मालकाकडून. आदेश मोडला तर परवाना रद्द, आणि पुढची काही वर्षं त्या माणसाला दुसरा कुत्रा पाळायला मनाई, मग तो पिटबुल असो की पॉमेरेनियन.